मुसा बुसी यांस, पगाराच्या हिशेबाबद्दल

मुसा बुसी यांस,

तळेगाव ढमढेऱ्याची राखरांगोळी करणाऱ्या माणसाला 'सप्रेम' लिहिणं जिवावर येतं, म्हणून नुसता नमस्कार. कागदोपत्री तुम्ही शार्ल जोसेफ पातिसिए, मार्की द बुसी-कास्तेलनो. आमच्या जुन्या दप्तरांत मात्र 'मुसा बुसी' म्हणूनच वावरता, तेव्हा मीही तेच म्हणतो.

तुमच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण एकाच जागी येऊन उसासा टाकतात. पाँडिचेरीचा गव्हर्नर द्युप्ले याला पॅरिसने परत बोलावलं नसतं, पुढे आलेल्या फ्रेंच सेनापती लालीने तुम्हाला हैदराबादहून खेचून नेलं नसतं, तर हिंदुस्थानावर इंग्रजांऐवजी फ्रेंचांचं निशाण फडकलं असतं, असा तो उसासा. गंमत म्हणजे हा राग आळवणाऱ्यांत मॅलेसनसारखा इंग्रज कर्नलही आहे. मला हा जर-तरचा खेळ मानवत नाही. मला बोलायचंय ते पगाराबद्दल. १७५१ ते १७५८ अशी सात वर्षं तुम्ही दख्खनचा सुभा आपल्या मुठीत ठेवलात तो तोफांच्या जोरावर, असं आम्ही वाचत आलो. माझं मत जरा वेगळं आहे. तो तुम्ही ठेवलात शिपायाच्या हातावर वेळेवर पडणाऱ्या पैशाच्या जोरावर. आम्ही मराठ्यांनी तुमच्याकडून तोफा उचलल्या, कवायत उचलली, तुमची माणसंसुद्धा उचलली. एवढी एक गोष्ट तेवढी राहून गेली.

तुमची पहिली ठसठशीत भेट होते ती जिंजीवर. शिवाजी महाराजांनी १६७७ साली घेतलेला हा किल्ला. पुढे राजाराम महाराजांनी मराठ्यांची गादी तिथे नेली आणि औरंगजेबाच्या झुल्फिकारखानाला या किल्ल्याने वर्षानुवर्षं पायथ्याशी बसवून ठेवलं. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. तो तुम्ही १७५० च्या सप्टेंबरात एका रात्रीत घेतलात. मुख्य फौज मागून येत होती, तुम्ही आघाडीला होतात. कर्नाटकच्या नवाबीवर हक्क सांगणाऱ्या महंमद अलीची मोडलेली फौज गावाच्या तटाआड शिरली, तुम्ही दारूने दरवाजा उडवलात, आणि अंधार पडल्यावर तिन्ही टेकड्यांवर एकाच वेळी माणसं चढवलीत. उजाडलं तेव्हा राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी, तिन्हींवर तुमची निशाणं होती. ज्या कड्यांनी आलमगिराच्या सेनापतीला रडवलं, ते एका रात्रीत सर झालेले पाहून तिथल्या नवाबांचं धाबं दणाणलं, यात नवल नाही. आजही राजगिरीच्या पायऱ्या दिवसाउजेडी चढताना भल्याभल्यांना धाप लागते. वरून गोळीबार होत असताना, काळोखात, हातात बंदूक घेऊन तिथे चढणं म्हणजे काय, हे मी लिहून सांगण्यात अर्थ नाही. धाडस तुमच्यात होतं. त्याबद्दल वाद नाही.

पण धाडसी माणसं त्या काळात दर मुलखात पैशाला पासरी होती. तुमचं वेगळेपण पुढच्या वर्षी दिसलं. मुजफ्फरजंगाला निजामाच्या गादीवर बसवायचं म्हणून १७५१ च्या जानेवारीत तुम्ही निघालात. बरोबर तीनशेच्या आसपास गोरे आणि दोनएक हजार देशी शिपाई. वाटेत कडप्याच्या मुलखात पठाण नवाबांशी चकमक झाली आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मुजफ्फरजंगच भाल्याने मारला गेला. दुसरा कुणी असता तर मुकाट माघारी फिरला असता. तुम्ही काय केलंत? त्याच छावणीत नजरकैदेत असलेल्या सलाबतजंगाला बाहेर काढलंत, सुभेदार ठरवलंत आणि मुक्काम पुढे हलवलात. नवरदेव मेला म्हणून वरात थांबली नाही, घरातलाच दुसरा मुलगा घोड्यावर बसवला. सलाबतजंगाने तुमचे उपकार जन्मभर मानले, कारण ते मानण्यापलीकडे त्याच्या अंगात फारसं काही नव्हतं.

आता तळेगावचं. सलाबतजंगाचा थोरला भाऊ गाजीउद्दीन निजामाच्या गादीवर हक्क सांगत होता आणि नानासाहेब पेशवे त्याच्या बाजूचे, म्हणून त्याच वर्षाअखेर तुम्ही सलाबतजंगाला घेऊन पुण्याच्या रोखाने चालून आलात. पारनेरच्या पुढे कुकडीकाठी पेशव्यांची छावणी होती. रात्र चंद्रग्रहणाची. स्नान, जप, दानधर्म चाललेला. ग्रहणकाळात शत्रू येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तुम्हाला मात्र पंचांगातली तीच रात्र सोयीची वाटली. नानासाहेब कसेबसे निसटले. पूजेची सोन्याची उपकरणी तुमच्या लोकांच्या हाती लागली. मग रांजणगाव, मग तळेगाव ढमढेरे. दोनशे सत्तर वर्षं उलटली तरी या लुटीची आठवण आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतून गेलेली नाही.

पुणं तिथून एक-दोन मजलांवर. तरी तुम्ही आला नाहीत. घोडनदीवर शिंदे, पुरंदरे अंगावर आले, वाटेवरची दाणावैरण त्यांनी तोडली, त्र्यंबकचा किल्ला आमच्या लोकांनी घेतला, हे सगळं खरं. पण तुमचे पाय खरे अडकले ते निजामाच्या छावणीतच. सलाबतजंगाच्या शिपायांचा पगार थकला होता आणि उपाशी शिपाई पुण्यापेक्षा आपल्याच दिवाणाच्या तंबूकडे रागाने बघत होता. १७५२ च्या जानेवारीत शिंगव्याला तहाची बोलणी उरकून तुम्हाला मागे फिरावं लागलं. एप्रिलमध्ये भालकीजवळ त्याच शिपायांनी दिवाणाला, राजा रघुनाथदासाला, कापून काढलं. तुमच्या स्वतःच्या पलटणीत मात्र चिडीचूप. तेव्हाच तुमच्या लक्षात आलं असणार की दख्खनमध्ये ज्याच्या शिपायाला पगार मिळतो तोच खरा सुभेदार. त्याच वर्षी गाजीउद्दीनला विष घातलं गेलं, आणि नोव्हेंबरात भालकीच्या तहाने खानदेश-बागलाण पेशव्यांना मिळाला. तळेगाव जाळून हाती काय लागलं, हे तुम्हीच मोजा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या १७५३ सालाकडे येतो. तुम्ही आजारी पडून हवापालटासाठी मच्छलीपट्टणला गेलात. दरबारात सय्यद लष्करखान तुमच्या वाईटावर टपलेला. त्याने पलटणीचे तुकडे करून चहूकडे पांगवले आणि पैसा अडवला. महिन्याभरात शिस्तीच्या नावाने आनंदीआनंद. द्युप्लेचं पत्र गेलं तसे तुम्ही अंथरुणातून उठून परतलात. पण भांडण काढलं नाहीत, तलवार उपसली नाहीत. आधी सावकारांकडे गेलात, आपल्या नावावर कर्ज उचललंत, शिपायांची थकबाकी भागवलीत, विस्कटलेली फौज गोळा केलीत आणि मगच औरंगाबादला दरबारासमोर उभे राहिलात. त्या वेळी तुम्ही खंडणी मागितली नाहीत, नजराणा मागितला नाहीत, स्वतःसाठी जहागीरही मागितली नाहीत. मागितलेत चार सरकार, म्हणजे जिल्हे: कोंडापल्ली, एल्लोर, राजमहेंद्री आणि चिकाकोल. समुद्राला लागून असलेला आंध्रचा तो सुपीक पट्टा, साधारण एकतीस लाखांच्या वसुलीचा. करार असा की ही वसुली फ्रेंच पलटणीच्या पगारासाठीच वेगळी राहील. दिवाण बदलला, सुभेदार रुसला, दरबाराचं वारं फिरलं, तरी शिपायाचं पोट त्यावर अवलंबून राहणार नाही.

मी लढायांचा चाहता नाही, पण ही चाल वाचताना दाद द्यावीशी वाटते. मुघल सरदारांच्या जहागिऱ्या होत्या, आमच्या सरदारांचे सरंजाम होते, पण ते माणसाच्या नावाने. सरदार मेला की वारसाचं भांडण, वारस लहान असला की कारभाऱ्याचा हात खिशात. नेमून दिलेल्या वसुलीतून शिपायाला रोख मुशाहिरा ही तुमची रीत निराळी होती. १७५६ साली सावनूरच्या वेढ्यानंतर सलाबतजंगाचा दिवाण शाहनवाजखान याने तुम्हाला बडतर्फ केलं, तुम्ही हैदराबादेत चारमहाल नावाच्या बागेत मोर्चे बांधून निजामाच्या अख्ख्या फौजेला तोंड देत बसलात, आणि शेवटी सलाबतजंगालाच तुमच्याशी समेट करावा लागला. त्या दिवसांत तुमची पलटण फुटली नाही याचं मूळ मला चार सरकारांच्या वसुलीत दिसतं. तेव्हाच नानासाहेबांनी तुम्हाला आपल्या नोकरीत बोलावलं होतं आणि वाटेत सोबतीला मल्हारराव होळकरांचे स्वार दिले होते. तुम्ही सोबत घेतलीत, नोकरी नाकारलीत. कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेल्या पेशवाईत तुमच्या शिपायांना पहिल्या तारखेला पैसे मिळाले असते का, याची मला दाट शंका आहे. तुम्हालाही असणार.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही मांडायला हवी. ते एकतीस लाख आकाशातून पडत नव्हते. २४ जानेवारी १७५७. तुम्ही वसुलीसाठी उत्तरेकडे फिरत होतात. विजयनगरमच्या विजयरामराजाचं शेजारच्या बोब्बिलीच्या रंगारावाशी पिढीजात वैर होतं. ते भागवायला त्याला तुमच्या तोफा हव्या होत्या, तुम्हाला त्याच्याकडची वसुली हवी होती. मातीच्या त्या गढीवर पहाटेपासून तुमचे गोळे पडत होते. आता निभाव लागत नाही असं दिसल्यावर आतल्या लोकांनी घरं पेटवली, बायकापोरांना स्वतःच्या हातांनी मारलं आणि लढून मेले. तुमचे लोक आत गेले तेव्हा त्यांना आडवं पडलेलं गाव दिसलं. एक म्हातारा एका लहान मुलाचा हात धरून पुढे आला आणि ते मूल त्याने तुमच्या लॉ नावाच्या अधिकाऱ्यापुढे उभं केलं. तो रंगारावाचा मुलगा. कापाकापीतून वाचलेला. लगेच पुढे बोब्बिलीच्या तांड्र पापारायुडूने रात्री तंबूत शिरून विजयरामराजाचा खून केला. तेलुगू मुलखात हे सगळं अजून बुर्रकथेत गातात, १९६४ साली एन. टी. रामारावांचा त्यावर सिनेमा आला, आणि त्या कथेत तुम्ही मोठे मुत्सद्दी वगैरे कुणी नाही. तुम्ही फक्त परक्याच्या भांडणात तोफा भाड्याने देणारा फिरंगी. तुमची चरित्रं लिहिणारे बोब्बिली दोन ओळींत उरकतात. मला ते जमणार नाही, कारण तुमच्या वेळेवरच्या पगाराचा पैसा याच रस्त्याने येत होता.

पुढच्या दीड वर्षात तुम्ही विशाखापट्टण घेतलंत, दौलताबाद युक्तीने ताब्यात आणलंत, औरंगाबादेत तुमचा दिवाण हैदरजंग सलाबतजंगाचा भाऊ निजामअली याच्या तंबूत मारला गेला आणि त्याच दिवशी शाहनवाजखानही. हा रक्ताचा चिखल मी जास्त ढवळत नाही. १७५८ च्या उन्हाळ्यात लालीचं फर्मान आलं: फौज घेऊन कर्नाटकात या. तुम्ही गेलात. सलाबतजंग रडला म्हणतात. त्याला रडायला कारणही होतं.

लालीला तुमच्या मुलखाची किंमत कळली नाही असं तुमचे चाहते म्हणतात. मी याहून कडक बोलेन. लालीला पगार हा विषयच कळला नव्हता. तुम्हाला हलवल्यावर ते चार सरकार, म्हणजे उत्तर सरकार, काँफ्लाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाती पडले. डिसेंबरात इंग्रजांच्या फोर्डने त्याला कोंडूरला हरवलं, एप्रिल १७५९ मध्ये मच्छलीपट्टण पडलं, आणि सलाबतजंगाने इंग्रजांशी तह करून टाकला. एकतीस लाख गेले. इकडे लालीच्या फौजेपाशी ना रोकड ना रसद. मद्रासचा वेढा उठवावा लागला, आणि ऑक्टोबरात त्याच्या गोऱ्या शिपायांनीच थकलेल्या पगारापायी बंड केलं. ज्या फौजेने ऑक्टोबरात बंड केलं तिलाच घेऊन तो २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाशला इंग्रज सेनापती आयर कूटसमोर उभा राहिला. तुम्ही तिथे जिवावर उदार होऊन लढलात. घोडा पडला तसे पायी पुढे गेलात, मागे वळून बघता तर सोबत मूठभर माणसं, आणि पकडले गेलात. १६ जानेवारी १७६१ ला पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली. त्याच्या दोनच दिवस आधी पानिपत झालं होतं.

लालीचं पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंत. ९ मे १७६६ ला पॅरिसच्या चौकात, तोंडात बोळा कोंबून, त्याचं डोकं उडवलं. त्याच्याविरुद्ध लेखणी चालवणाऱ्यांत तुम्ही होतात. भांडण तुमचं खरं होतं, तक्रारीही बऱ्याच खऱ्या होत्या. पण हरणं आणि फितूर होणं यांतला फरक तुमच्याइतका जाणणारा त्या कोर्टात दुसरा कुणी नव्हता. तो फरक तुम्ही ठणकावून सांगायला हवा होतात. व्होल्तेअरने ते काम केलं आणि १७७८ साली तो निवाडा रद्द झाला. तुमच्या साऱ्या कारकिर्दीत मला सगळ्यात खुजी वाटते ती ही जागा, तळेगावपेक्षाही. तोवर तुम्ही स्वतः फ्रेंच कंपनीवर आपल्या येण्याचे दावे लावून बसला होतात. द्युप्लेही तेच करत करत १७६३ साली कफल्लक होऊन गेला. शिपायांचा पगार वेळेवर करणाऱ्यांचीच बाकी कंपनीने थकवली.

आता आमच्याकडचा हिशेब. तुमच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामअलीकडून सदाशिवरावभाऊंकडे आला. वांदिवाशला तुम्ही पकडले गेलात आणि बाराव्या दिवशी, ३ फेब्रुवारी १७६० ला, उदगीरला इब्राहिमखानाच्या तोफांनी निजामाला गुडघ्यावर आणलं. तुमचीच विद्या, तुमच्याच जुन्या धन्यावर. त्या एका लढाईने भाऊंचा त्या पद्धतीवर असा विश्वास बसला की ते गारद्यांना, म्हणजे या कवायती शिपायांना, थेट पानिपतावर घेऊन गेले. तिथली एक गोष्ट काशीराज पंडिताने लिहून ठेवलीय. शेवटच्या दिवशी सकाळी इब्राहिमखान भाऊंपुढे गेला आणि म्हणाला, की शिपायांचा महिनेमहाल पगार मागतो म्हणून आपण माझ्यावर नाराज होतात. या महिन्यात खजिना लुटला गेला, पैसे मिळाले नाहीत, तरी आज आम्ही खाल्ल्या मिठाला जागतो. आणि जागले. रोहिल्यांच्या फळीवर संगिनी रोखून ते गेले आणि त्यांतले फारच थोडे परतले. इब्राहिमखान जखमी होऊन सापडला. त्याला हालहाल करून मारलं.

हे मी कितीदा वाचलं तरी 'महिनेमहाल' या शब्दापाशी अडखळतो. मुसा बुसी, तो तुमच्याच शाळेतला धडा बोलत होता आणि आमच्या दरबारात तो हट्टीपणा ठरत होता! आमची स्वारांची फौज चौथाईवर, लुटीवर, कर्जावर आणि धन्याच्या शब्दावर चालत आलेली. काही महिने बाकी राहिली तर चालायचंच, असा रिवाज. पण कवायती शिपायाला शेत नाही, गाव नाही, लुटीला जायची मोकळीक नाही. त्याला रांगेत उभा ठेवायचा तर नाणं मोजावंच लागतं. ते न मोजण्याचे परिणाम आम्ही पुण्यात पाहिले.  ३० ऑगस्ट १७७३ ला थकलेला पगार मागायच्या निमित्ताने गारदी शनिवारवाड्यात घुसले, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना त्यांनी काका रघुनाथरावांच्या पुढ्यात कापलं. त्यामागे कारस्थान घरचंच होतं, मान्य. पण थकलेल्या पगाराचं निमित्त कारस्थान्यांना आयतं मिळालं, आणि ते तयार करायला कुणी परका आला नव्हता.

तुमची दुसरी फेरी मी लवकर उरकतो, कारण ती तुम्हालाही उरकायचीच असावी. १७८३ च्या मार्चमध्ये, साठी उलटल्यावर, संधिवाताने जखडलेले, तुम्ही फौज घेऊन पोर्टो नोव्होला उतरलात. ज्याच्या मदतीला आलात तो म्हैसूरचा हैदर आधीच्या डिसेंबरात वारला होता. कडलोरला इंग्रजांनी वेढलं. किनाऱ्यावर तुम्ही कसाबसा निभाव लावलात, समुद्रावर फ्रेंच आरमाराच्या सुफ्रेनने बाजू सावरली, आणि युरोपात तह झाल्याची बातमी येऊन धडकली. जिंजीच्या कड्यावर रात्री चढणारा तो माणूस यात कुठे दिसत नाही. ७ जानेवारी १७८५ ला पाँडिचेरीत तुम्ही गेलात.

तुमचा धडा पुरता गिरवणारा मराठा सरदार त्याच सुमारास उत्तरेत पलटणी उभारत होता. महादजी शिंद्यांनी द बॉयन या गोऱ्या अधिकाऱ्याला नोकरीत घेतलं, पुढे गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख त्याच्या कंपूच्या, म्हणजे कवायती पलटणींच्या, पगारासाठी तोडून दिला. तुमच्या उत्तर सरकारांसारखाच, फक्त समुद्राऐवजी नदीकाठी. शिपायांना वेळेवर पैसे मिळू लागले आणि त्या कंपूने पाटण, मेडता, लाखेरी मारली. मात्र वसुलीचा हिशेब आणि पलटणीची किल्ली महादजींनी तुमच्या निजामासारखीच गोऱ्याच्या हातात राहू दिली. महादजी १७९४ साली गेले. द बॉयननंतर किल्ली पेराँ या दुसऱ्या गोऱ्याकडे आली. १८०३ च्या सप्टेंबरात, महादजींचे वारस दौलतराव यांचं इंग्रजांशी युद्ध ऐन रंगात असताना, पेराँने नोकरी सोडली आणि साठवलेली पुंजी घेऊन तो इंग्रजांच्या हद्दीत निघून गेला.

कळावे.